अंडी चालणार नाहीत

आमच्या आळीत एका माणसाला आठ वर्षं खबऱ्या म्हणतात. तो खबऱ्या नाही. खबर मी दिली होती. हे एवढंच लिहून थांबता आलं असतं, पण मग ज्याची खबर दिली तो माणूस कसा होता ते राहून जाईल, आणि तो कळल्याशिवाय मी काय केलं तेही नीट कळायचं नाही.

त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. का म्हणायचे हे मला फार उशिरा समजलं. कारेगावात कंपन्या आल्या आणि ज्यांची जमीन गेली त्यांनी खोल्या बांधल्या. मीही बांधल्या. खोली मागायला आला तेव्हा हा पन्नाशीचा, काटकुळा माणूस कंपनीचा निळा शर्ट खोचून उभा होता. गळ्यात आयकार्ड, आणि त्याच्याच शेजारी दोऱ्याला बांधलेलं एक भिंग. म्हणाला, कंपनीत तपासणी खात्यात आहे, गाव खुटबाव, बायको वारली, एकटाच राहणार. मी माझ्या अटी सांगितल्या. दारू नाही, परकी बाई नाही, अंडं-मटण नाही. माझ्या गळ्यात माळ आहे.

त्याने खिडकी उघडून-मिटून पाहिली. मग म्हणाला, "अंडी अजिबात न्हाई चालणार?"

"अजिबात नाही."

"खाल्ली न्हाईत तरी?"

"खायची नाहीत तर आणायची कशाला?"

हे त्याला पटलं असावं. मान हलवली आणि "बरं" म्हणाला. मला तेव्हाच तो माणूस जरा सरळ वाटला नाही. पण आगाऊ भाडं दिलं होतं.

त्याच्या तपासण्याची तऱ्हा सांगतो. खिशात पांढरा खडू असायचा. जे तपासून झालं त्यावर तो लहानशी खूण करून शेजारी 'ओके' लिहायचा. दाराची कडी, पाण्याचा नळ, गॅसची टाकी, जिन्याचा कठडा. आमच्या हिने गच्चीवर पापड वाळत घातले होते, तर हा खाली वाकून भिंगातून बघत बसला आणि उठताना कठड्यावर 'ओके' लिहून गेला. ही म्हणाली, "चला, पास झालो म्हणायचं." चहा कसा झाला विचारलं तर म्हणायचा, "तपासून सांगतो," आणि कप संपल्यावर खरंच सांगायचा. एकदा मीच त्याला विचारलं, घरात इतकं काय तपासता? तर म्हणाला, "आप्पा, न तपासता पुढं गेलेला माल परत येतोच. आन् आला की आपल्याच अंगावर येतो."

इथवर ठीक होतं. पण पहिल्याच महिन्यात त्याने खिडकीला आतून काळं कापड लावलं. काचा झाकल्या, वरची झडपसुद्धा झाकली. मी विचारलं तर म्हणाला, फर्स्ट शिफ्ट असते, दुपारी झोपायला लागतं. पण तो दुपारी झोपत नव्हता. साडेतीनला घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि बरोबर चार वाजता कापडाच्या कडेतून दिव्याचा उजेड दिसायचा. चारला दिवा लावून झोपणारा माणूस मी पाहिला नव्हता.

चपला तो जिन्यापाशीच काढायचा. तिथून खोलीपर्यंतचा सगळा व्हरांडा अनवाणी, चवड्यांवर चालत जायचा. दार ढकलताना दोन्ही हातांनी ढकलायचा, आवाज होऊ नये म्हणून. आत सतत घरघर चालू असायची, बारीक, मोटरीसारखी. दिवसभर तो कंपनीत असतानाही. मी एकदा दाराला कान लावला. मशीन होतं, यात शंका नव्हती. कसलं मशीन ते कळत नव्हतं.

मग कचरा. कचऱ्याची बादली सगळ्या खोल्यांची एकच होती आणि ती मी रोज बघायचो, कोण काय टाकतं ते घरमालकाला माहीत असावं लागतं. त्यात त्याच्या पिशवीत मला इंजेक्शनच्या पिचकाऱ्या सापडल्या. सुई नसलेल्या. निळे डाग पडलेला कापूस. केळीच्या सालींचं काळं पाणी, त्याला असा वास की ही म्हणाली, "हा माणूस साली खातो का?" त्याच्या बोटांची टोकंसुद्धा निळी असायची. मोरीच्या पाण्यात कधी कधी निळी झाक यायची. आणि एकटा राहणारा हा माणूस शिरूरहून काचेच्या गोट्या आणायचा, किलोवर. त्याला मूलबाळ नव्हतं.

एके दिवशी ही अंगणात मिरची कुटत होती. हा खाली आला आणि हात जोडून म्हणाला, "वहिनी, आज जरा कुटू नका."

"का हो?"

"आत..." तो अडखळला. "आत जरा जड काम हाय."

हिने कुटायचं थांबवलं. मी मात्र तो अडखळला ते लक्षात ठेवलं.

त्याचं बोलणं आळीत फक्त एकाशी होतं. माझ्याच गाळ्यात पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करणारे चाचा. मूळ केंदूरचे, पण माझ्या खोल्या व्हायच्याही आधीपासून इथेच, आणि डॉक्टरची त्यांची ओळख तो माझ्याकडे यायच्या कितीतरी आधीची. त्यांना तीन मुली, तिघी दिल्या, बायको मोठ्या मुलीकडे दौंडला. संध्याकाळी डॉक्टर गाळ्यात तारेच्या रिळावर बसायचा आणि दोघं हळू आवाजात बोलायचे. मी जवळ गेलो की बोलणं मोटारींवर यायचं. एकदा चाचांच्या हातगाडीवरून गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं, चौकोनी वर गेलं. दोघांनी मिळून नेलं, देव्हारा न्यावा तसं जपून. मी विचारलं तर चाचा म्हणाले, "टेबल हाय, आप्पा." टेबल कोणी गोधडीत गुंडाळत नाही.

आणि मग लोक येऊ लागले. फार नाही, महिन्यात दोन-चार. सगळे विचारायचे, "डॉक्टर वर हायत का?" शिरूरची एक बाई स्कूटरवरून यायची, तोंडाला ओढणी गुंडाळलेली. तशी हल्ली सगळ्याच बायका गुंडाळतात, पण मला ते खटकायला लागलं होतं. थंडीत एकदा तिच्या मागे एक तरुण बाई बसून आली. पदराखाली दोन्ही हात धरून, जपून पावलं टाकत, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत वर गेली. सातवा-आठवा महिना असावा. मी ओट्यावर होतो. तासाभराने दोघी खाली आल्या. तरुण बाई पटापट पायऱ्या उतरली, स्कूटरवर टांग टाकून बसली. पोट नव्हतं.

मी हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुमचे डोळे तपासून घ्या आधी." पण तिचाही चेहरा उतरला होता. त्या सुमारास आमच्याकडे सगळीकडे गर्भलिंग तपासण्याच्या भानगडींची चर्चा असायची. मशीन आता पिशवीत मावेल एवढं लहान झालंय, असं लोक सांगायचे. माझ्या बहिणीच्या सुनेचं असंच झालं होतं. कुठल्याशा खोलीत नेली आणि परत आली ती अंगात ताप घेऊन. ती वाचली, पण नंतर आमच्या घरी कधी मान वर करून आली नाही. हे मी सफाई म्हणून सांगत नाही. माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो.

उन्हाळ्याच्या तोंडाला ती ओढणीवाली बाई पुन्हा आली. मी टाकीतलं पाणी बघायचं निमित्त करून व्हरांड्यात गेलो आणि त्याच्या खिडकीपाशी उभा राहिलो. आतून बाईचा आवाज आला.

"दिवस भरलेत का?"

"भरलेत की. उजेड धरला का पोट आरपार दिसतंय. मादी हाय, शंकाच न्हाई."

"मग कवा?"

"उद्या चारला मोकळी करतो. मोकळी झाली की लगीच घेऊन जा. तिला इथं ठेवायची न्हाई."

एवढंच ऐकलं. मी खाली आलो. अजून एक वाक्य थांबलो असतो तर पुढचं ऐकलं असतं, ते त्याने नंतर सगळ्यांसमोर सांगितलंच. पण बाईमाणसाला कोणी मादी म्हणत असेल का, एवढाही विचार मी केला नाही. मला वाटलं, असली कामं करणारी माणसं असंच बोलत असतील.

त्याच दिवशी मी शिरूरला सरकारी दवाखान्यात गेलो. साहेबांच्या केबिनमध्ये बसून सगळं सांगितलं. काळं कापड, मशीन, पिचकाऱ्या, जाताना नसलेलं पोट. साहेब लिहून घेत होते. म्हणाले, नाव गुप्त राहील. उद्या चार वाजता म्हणतोय ना, मग उद्याच येतो.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला जीप आली. साहेब, त्यांचा एक माणूस आणि एक हवालदार बाई. आळी गोळा झाली. मी घरमालक म्हणून पुढे झालो, जसं काही मला आत्ताच कळत होतं. डॉक्टरने दार उघडलं. खोलीत अंधार होता आणि ती घरघर. साहेबांच्या माणसाने कापड ओढून काढलं.

"साहेब, कापड राहू द्या," डॉक्टर म्हणाला. "उजेड चारला करायचाय."

उजेड झाला. भिंतीला लागून काचेच्या पेट्या होत्या, त्यात बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. हवा सोडणारा एक लहान पंप घरघरत होता. एका पेटीच्या तळाला गोट्यांचा थर. टेबलावर ओळीने प्लास्टिकचे उथळ डबे, त्यात फिकट निळं पाणी.

साहेबांनी डबा उचलला. "हे काय आहे?"

डॉक्टरने साहेबांकडे पाहिलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"अंडी," म्हणाला. मग म्हणाला, "आप्पा, चूक झाली. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

त्याला वाटत होतं की सरकार त्याच्या घरी अंडी पकडायला आलं आहे, आणि तेही माझ्या अटीपायी.

पुढचा अर्धा तास साहेब विचारत होते आणि तो सांगत होता. त्याला एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. हे मासे पहाटेचा पहिला उजेड पडला की अंडी टाकतात. पहाटे त्याला शिफ्टला जावं लागतं, म्हणून त्याने खोलीतली पहाट दुपारी चारला आणली होती. अंडी गोट्यांच्या फटीत पडतात, तिथे तोंड पोचत नाही. मासा स्वतःचीच अंडी खातो, म्हणून मोकळी झाली की मादीला लगेच बाहेर काढायची, तिला तिथे ठेवायची नाही. हादरा बसला की मादी बिचकते आणि अंडी टाकत नाही, म्हणून चवड्यांवर चालणं, म्हणून मिरची कुटायची नाही. अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून निळं औषध. जी पांढरी पडली ती मेली, ती पिचकारीने ओढून घ्यायची, नाहीतर शेजारचीही जातात. तिसऱ्या दिवशी पिल्लू फुटतं, डोळ्याला दिसत नाही, केसाचा तुकडा काचेला चिकटावा तसं दिसतं. त्याला खायला केळीच्या सालीच्या पाण्यातले किडे. शिरूर-दौंडचे शोभेचे मासे विकणारे आपले आजारी मासे आणि पोटुशा माद्या त्याच्याकडे आणून सोडायचे, म्हणून डॉक्टर. थंडीत पिशवीतलं पाणी गार होतं, म्हणून बाया पिशव्या पदराखाली धरून आणायच्या.

हवालदार बाई हसून हसून दाराला टेकली. "आणि एवढं लपवून कशाला ठेवलं हो?"

"आप्पांना अंडी चालत न्हाईत," तो म्हणाला. "माळकरी माणूस. त्यांचं मन कशाला दुखवायचं."

म्हणजे काळं कापड सोडलं तर जी जी लपवाछपवी मला संशयाची वाटली होती, कुजबुज, गोधडी, अडखळणं, ती सगळी माझ्यामुळे होती. तो माझा मान राखत होता आणि मी त्या मान राखण्याचीच खबर दिली होती.

त्या वेळी मी काहीही बोललो असतो तरी चाललं असतं. हसलो असतो तरी चाललं असतं. पण आळी माझ्याकडे बघत होती, साहेब बघत होते, त्यांना सगळं माहीत होतं. मला त्या नजरेतून सुटायचं होतं. मी म्हणालो, "घरात अंडी चालणार नाहीत असं ठरलं होतं. आजच्या आज बाहेर काढा."

त्याने वाद घातला नाही. जीप गेली आणि तो एकेक डबा दोन्ही हातांवर धरून खाली आणू लागला. चाचांचा गाळा नेमका बंद होता, ते सकाळपासून कुठेतरी गेले होते. ठेवायला जागा नव्हती. त्याने डबे माझ्याच ओट्यावर मांडले. चैत्राचं ऊन, उथळ पाणी. तो शर्ट काढून डब्यांवर धरून बसला. एक शर्ट आणि बारा-पंधरा डबे. ही छत्री घेऊन बाहेर गेली, मी तिला अडवलं नाही आणि मदतही केली नाही. दिवस कलला तेव्हा तो भिंगातून एकेक डबा बघत होता. पाण्यात साबुदाण्यासारखे पांढरे ठिपके दिसत होते, ते मला बिनभिंगाचेही दिसले. त्याने खडू काढला आणि प्रत्येक डब्यावर फुली मारली. "फेल," म्हणायचा, पुढचा डबा घ्यायचा. आवाजात काही नव्हतं. कंपनीत म्हणत असेल तसंच.

सगळं झाल्यावर त्याने मला विचारलं, "आप्पा, कुणी सांगितलं असंल हो?"

मी म्हणालो, "आत काय आहे ते कोणाला माहीत होतं?"

एवढंच. नाव घेतलं नाही. नाव घेतलं असतं तर त्याने कदाचित विश्वास ठेवला नसता. तो वळून चाचांच्या बंद गाळ्याकडे बराच वेळ बघत राहिला. ओट्यावर पाच-सहाजण होते, त्यांनीही पाहिलं.

आठवड्याने टेम्पो आणून तो गेला. गाळ्यासमोरून गेला तेव्हा चाचा बाहेर आले होते. तो थांबला नाही. पुढे आळीने चाचांना नाव ठेवलं. जवळची माणसं मोटारी शिरूरला न्यायला लागली. पोरं गाळ्यासमोरून जाताना मुद्दाम मोबाइल कानाला लावून "साहेब, एक खबर होती" म्हणायची. चाचा ऐकून घ्यायचे. मी गाळ्याचं भाडं वाढवलं नाही, यातच माझं प्रायश्चित्त झालं असं समजत होतो.

यंदा चाचांनी सांगितलं की महिनाअखेर गाळा सोडतो, डोळे साथ देत नाहीत, दौंडला मुलीकडे जातो. त्या दिवशी जेवताना ही म्हणाली, "तुम्ही बोलणार, का मी बोलू?" म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

मी आधी खुटबावला गेलो. डॉक्टर आता नोकरीत नाही. भावाच्या उसाच्या कडेला पत्र्याची खोली, दारात मी गेलो तेव्हा तो विळ्याला धार लावत होता. मला ओळखलं, पाणी दिलं. मी पाणी न पिता सांगितलं. सगळं, केबिनपासून ओट्यापर्यंत. तो विळा बाजूला ठेवून ऐकत राहिला.

"मासे ठेवता का अजून?" शेवटी मीच विचारलं, काहीतरी बोलावं म्हणून.

"न्हाई." मग म्हणाला, "आप्पा, तुमचं जाऊ द्या. तुम्ही मला कितीसं ओळखत होता. मी त्यांना बारा वर्षं ओळखत होतो. समदं तपासतो मी. त्येवढं न्हाई तपासलं."

तो उठला, आत जाऊन शर्ट घालून आला आणि म्हणाला, "चला."

कारेगावला पोचलो तेव्हा चाचा गाळ्यात शेवटच्या मोटारी आवरत होते. समोर चहाच्या टपरीवर नेहमीची माणसं होती. मी त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चाचा, त्या वेळची खबर मी दिली होती. ह्यांना आज सांगितलं. सगळ्यांना सांगतो."

चाचांनी हातातली तार खाली ठेवली नाही.

"मला ठाऊक हाय," म्हणाले. "त्या दिशी मी दवाखान्यात साखर तपासायला गेलो होतो. तुम्ही सायबाच्या केबिनमधनं निघालात. हाक मारली, तुम्ही वळला न्हाई. दुसऱ्या दिशी मी रिपोर्ट आणायला गेलो, तवर इकडं हे झालं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"रोज सकाळी रामराम करत व्हतो की तुम्हाला, आप्पा. वाटायचं, आज बोलतील."

डॉक्टर उंबऱ्याशी उभा होता. त्याने विचारलं, "मला का न्हाई सांगितलं, चाचा?"

"तू इचारलं का?"

मलाही त्याच्या दारावर टकटक करून आत काय आहे हे विचारता आलं असतं. माझीच खोली होती.

चाचांनी आवरलेल्या सामानात हात घालून एक लोखंडी स्टूल ओढून काढलं, फडक्याने पुसलं आणि पुढे सरकवलं. बाकी सगळं बांधून झालं होतं, बसायला तेवढंच होतं. डॉक्टर त्यावर बसला. चाचा खाली फरशीवर बसले. मी घरी आलो.